मोरीत जागा किती?

ड्रेनेजचं चेंबर कधी उघडून बघितलंय? वर झाकण असतं, त्याच्यावरनं माणसं ये-जा करत असतात, आत काय साठतंय ते कुणाला दिसत नाही. चार वर्षांनी झाकण उचलावं, तर काठोकाठ भरलेलं. किस्स्यांचं तसंच असतं बघा. आपण काही जमवत नाही, ते जमतात. आणि माझे तर सगळे संडासाचेच. तेव्हा चहा आधी पिऊन घ्या, मग सांगतो.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. मी डिप्लोमा करून रिकामा बसलो होतो. कुंभारीहून रोज सायकल मारत सोलापुरात यायचो. शेवटी अप्पांनी दुकानात ठेवून घेतलं. अप्पांचं सॅनिटरीच्या सामानाचं दुकान होतं. कपाळाला विभूती, अंगात पांढरा शर्ट, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. सामान विकायचे आणि बसवूनही द्यायचे. बसवायला महिबूब मिस्त्री होता. तो गवंडीही होता आणि प्लंबरही. माझं काम माप घ्यायचं आणि कागदावर आकृती काढून द्यायची. आम्ही तिघं, एवढंच आमचं जग.

त्या काळात पेठांच्या बोळातनं ड्रेनेजची लाइन आली. पाटीचे संडास जाणार होते. माणसानं माणसाची घाण डोक्यावरनं वाहून न्यायची, ते बंद होणार होतं. ज्याला त्याला घरातला संडास हवा झाला. पण घरात जागा कुठली? दोन खोल्यांत दहा माणसं, आणि कोपऱ्यात एक मोरी. तिथंच आंघोळ, तिथंच भांडी, तिथंच धुणं. त्या मोरीत संडासाचं भांडं बसवायचं, म्हणजे भरलेल्या एस्टीत आणखी एकाला खिडकीशी जागा द्यायची.

म्हणून गिऱ्हाईक पायरी चढलं की अप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मोरीत जागा किती?"

*

यल्लप्पा मास्तरांपासून सुरुवात करतो. साखर पेठेत राहायचे, शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्याकडं माप घ्यायला टेप नव्हता. म्हणून ते मोरीत उभे राहिले, दोन्ही हात दोन भिंतींना लावले आणि ते हात तसेच धरून घराबाहेर पडले.

भर बाजारातनं मास्तर दोन्ही हात पसरून चाललेत, असं दृश्य. वाटेत विद्यार्थी भेटले, त्यांनी नमस्कार केला. मास्तरांनी नुसती मान हलवली. एका बैलगाडीला वाट देताना ते आडवे झाले, पण हात हलू दिले नाहीत. दुकानाच्या दारात सामान मांडलेलं, तिथं तर आतच येता येईना. शेवटी तिरके होऊन आले.

मी टेप लावला. तीन फुटांच्या आतलं माप. त्यात भांडं बसवलं असतं, तर मास्तरांना स्वतःला बसायला जागा उरली नसती.

अप्पांनी ते माप बघितलं. मग मास्तरांच्या अजून तसेच धरलेल्या हातांकडं बघितलं. म्हणाले, "मास्तर, हात खाली घ्या. तुमच्याकडं जागा न्हाय, नुसती इच्छा हाय."

मास्तरांनी हात खाली घेतले. जरा वेळ खांदे चोळत उभे राहिले. मग म्हणाले, "इच्छेचं माप बरोबर आलं ना? मग जागा करू की."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःची पुस्तकांची मांडणी काढली, तिथली भिंत मागं सरकवली आणि मोरी वाढवली. पुस्तकं कुठं गेली असं मी विचारलं नाही. आम्ही भांडं बसवून निघालो, तेव्हा मांडणीच्या खिळ्यांची भोकं बाजूच्या भिंतीवर तशीच होती. मास्तर त्यांत एकेक करून चुना भरत होते.

*

दुसरा किस्सा दिशेचा.

एका मागवाल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत हातमाग, मागच्या खोलीत माणसं, घरात तेलुगू. थोरला मुलगा माग चालवायचा. कारभार मात्र म्हातारीचा, सगळे तिला अम्मा म्हणायचे. मोरी बरी होती, पाइपही जवळ होता. मला वाटलं सोपं काम आहे, अर्ध्या तासात खूण करून निघू.

मी खडूनं खूण केली. अम्मा म्हणाली, "पूर्वेला तोंड? सूर्यनारायणाकडं? वद्दु." म्हणजे नको.

मी भांडं दक्षिणेकडं वळवलं. "ती यमाची दिशा. वद्दु."

पश्चिमेकडं वळवलं, तर आता महिबूब थांबला. थापी खाली ठेवून म्हणाला, "साब, उधर हमारा किबला है. उधर मुँह भी नक्को, पीठ भी नक्को. मैं तो नहीं बिठाऊँगा." किबला म्हणजे नमाजाची दिशा. म्हणजे पूर्व दोन्हीकडनं गेली आणि पश्चिमही गेली.

राहिली उत्तर. तर उत्तरेला तोंड केलं की पाठीमागच्या भिंतीपलीकडं देवघर.

चारी दिशा संपल्या. आम्ही तिघं आणि ती म्हातारी, एवढ्याशा मोरीत उभे. शेवटी अप्पांनी खडू घेतला आणि कोपऱ्यातनं तिरकी रेघ ओढली. ना पूर्व, ना दक्षिण, दोन्हीच्या मधोमध. महिबूबनं मान वाकडी करून बघितलं. "तिरपा चलेगा," म्हणाला.

अम्मानं विचारलं, "मग आता तोंड कुटं येतंय?"

अप्पांनी हातानं हवेत रेघ मारली. "सरळ गेलं तर अक्कलकोट रोड. एमआयडीसी."

म्हातारी त्या रेघेच्या दिशेनं बघायला लागली. थोरल्यानं मान खाली घातली. नंतर कळलं, धाकटा मुलगा भांडून गेला होता. हातमागावर पोट भरत नाही म्हणाला आणि एमआयडीसीत पॉवरलूमवर टॉवेल काढायला लागला. तिकडंच खोली घेऊन राहिला होता, सणालाही येत नव्हता.

"तिकडं माझा नरसू हाय," अम्मा म्हणाली. "असू द्या. तसंच बसवा."

बसवलं. काही महिन्यांनी थोरला दुकानात आला. म्हणाला, "अप्पा, अम्मा आत लई वेळ बसतीय हो. घरातली सगळी खोळंबतात."

अप्पा म्हणाले, "मग दिशा बदलून देऊ?"

"तेच विचारलं," थोरला म्हणाला. "वद्दु म्हणतीय."

*

वसंता नावाचा एक कारकून होता, कोर्टात कामाला. अंगानं शिडशिडीत आणि उंच असा, की दुकानाच्या फळीला त्याचं डोकं लागायचं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती परत यायचं नाव घेईना. संडास बोळाच्या पलीकडं, सगळ्या चाळीला मिळून एक. ओल्या बाळंतिणीनं पोर टाकून तिकडं ओळीत उभं राहायचं कसं? तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "घरात सोय करा, मी दुसऱ्या दिवशी येते."

वसंतानं घरमालकाच्या हातापाया पडून जिन्याखालची जागा मिळवली. जिन्याखाली म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. एका बाजूला माणूस उभा राहतो, दुसऱ्या बाजूला मांजर.

मी म्हटलं, "भांडं उंच बाजूला घेऊ, म्हणजे उठताना डोकं लागणार नाही."

"नको," वसंता म्हणाला. "उंच बाजूला पाण्याचं पिंप ठेवायचंय. ती वाकून पाणी काढायला लागली तर कंबर धरते तिची. भांडं बुटक्या बाजूलाच बसवा."

"अहो, मग बुटक्या बाजूला तिचं डोकं नाही का लागणार?"

"ती कुठं उंच आहे?" असं म्हणून त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या जरा खाली. "इथवर येते."

महिबूबनं जमिनीपासून त्या बटणापर्यंत टेप लावला आणि भिंतीवर खूण केली. वसंता छातीवरचा हात काढायचाच विसरला. आम्ही सामान बाहेर काढेपर्यंत तो तसाच त्या खुणेपुढं उभा होता.

बायको आली. शब्दाला जागली. महिन्याभरानं ती दुकानातही आली, कडेवर पोर घेऊन. खरंच एवढीशी होती. मी विचारलं, "वहिनी, डोकं लागतं का?"

"मला कशाला लागेल?" ती म्हणाली. "पण जिन्याला काहीतरी गोणपाट वगैरे लावता येतं का बघा. हे रोज कपाळ आपटून घेतात आणि लागलं नाही म्हणतात."

*

मधेच एकदा आम्हाला सांगोल्याकडचं काम आलं. दुष्काळाची वर्षं होती ती. रस्त्यानं टँकर आणि मेंढरं, दुसरं काही नाही. एका बागाईतदारानं वस्तीवर नवीन संडास बांधला होता. सामान अप्पांच्या दुकानातलं, पण बसवलं होतं गावातल्या कुणीतरी. निरोप आला की दार उघडत नाही.

जाऊन बघितलं. दार आत उघडायचं आणि अर्ध्यावर भांड्याला अडायचं. उरलेल्या फटीतनं शेळी गेली असती. बागाईतदार चांगला अंगापिंडानं भरलेला, तो काही जाऊ शकत नव्हता.

महिबूब अंग चोरून आत शिरला आणि लगेच बाहेर आला. मला म्हणाला, "साब, जरा अंदर देखो."

मी डोकावलो. भांडं कोरडं ठणठणीत. आत कोळ्यानं जाळं विणलेलं. वर लोखंडी टाकी, तिला साखळी, आणि टाकीत थेंब नाही.

"मालक, वापरत न्हाय का?" अप्पांनी विचारलं.

"पाणी कुटंय?" मालक म्हणाले. "प्यायला टँकरचं, तेबी मोजून."

"मग एवढ्या लांबनं आमाला बोलावून दार कशाला बदलताय?"

ते म्हणाले, "पाणी आल्यावर घाई नको व्हायला."

दार बाहेर उघडणारं करून दिलं. संध्याकाळी निघताना त्यांचे म्हातारे वडील काठी टेकत आले. नव्या दारातनं आत गेले, साखळी धरली आणि ओढली. टाकीत खडखड असा कोरडा आवाज झाला. म्हातारा कान देऊन तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. बाहेर येऊन मुलाला म्हणाला, "वाजतंय तर बेस."



*

बाबुराव रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. रिटायर झाले, पण घर लाइनीच्या कडेलाच घेतलं. त्यांच्या मोरीला एक खिडकी होती, हातभर. त्या खिडकीतनं सिग्नलचा हात दिसायचा, तो पडलेला आणि उठलेला.

ड्रेनेजचा पाइप नेमका खिडकीच्या भिंतीला. म्हणजे भांडं तिथंच आणि त्याच्यावर टाकीही तिथंच, खिडकी झाकून. दुसरीकडं बसवायचं तर पाइप फिरवून न्यायला लागणार आणि मोरीतली निम्मी जागा खाणार. मी हे सगळं बाबुरावांना नीट समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण नजर खिडकीबाहेर.

"सिग्नल दिसणार न्हाय म्हणता?"

"नाही दिसणार."

"मग मला कळणार कसं, गाडी आली का न्हाय?"

बाबुरावांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, आता कळून काय करायचंय तुमाला? गाडी तुमच्यावाचून येतीय आन जातीय."

तसं तिनं बोलायला नको होतं, हे तिच्याही लगेच लक्षात आलं. बाबुरावांनी सदरा झटकला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आमच्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "बसतंय का बघा की काहीतरी करून."

मग बसवलं. पाइपाला दोन जास्तीची वळणं दिली, टाकी बाजूच्या भिंतीवर चढवली, भांडं असं ठेवलं की बसल्यावर समोर खिडकी. आंघोळीला उभं राहायला एका शहाबादी फरशीएवढी जागा उरली. बाईंनी तेवढ्यात संसार केला. वर्षभरानं रस्त्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आता ह्यांचं टाइमटेबल झालंय. मालगाडी गेल्याशिवाय बाहेर येत न्हाईत. आन लेट झाली की चिडचिड करतात."

*

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला गल्फची हवा सुटली. महिबूबच्या मेव्हण्यानं त्याचं जुळवलं आणि एक दिवस तो विमानात बसून गेला. तिकडं मोठमोठ्या इमारती होत होत्या, त्यांच्या न्हाणीघरांचं काम. दुकानात त्याची पिशवी ठेवायची खुंटी होती. अप्पांनी तिच्यावर दुसरं काही टांगू दिलं नाही. गिऱ्हाईक यायचं, माप सांगायचं, आणि अप्पा सवयीनं मागं वळून विचारायचे, "बसंल का रे?" मागं कुणी नसायचं.

दुसरा मिस्त्री ठेवला होता. कामाला वाईट नव्हता. पण तो गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा, "बसणार न्हाय." महिबूब तसं कधी म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "देखते की." ते 'देखते की' ऐकायची आम्हाला इतकी सवय होती, की दुकानात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं.

कराराची मुदत संपल्यावर महिबूब परत आला. रंगानं काळवंडलेला, अंगावर चकचकीत शर्ट, अप्पांसाठी अत्तर. पुन्हा जायचं नाही म्हणाला. आम्ही विचारलं, का रे बाबा, काम अवघड होतं का?

"काम क्या अवघड?" तो म्हणाला. "एक एक हमाम अप्पाच्या दुकानाएवढा. जहाँ रखो वहाँ बैठता. सोचनेका कुछ कामच नहीं."

"मग चांगलंच की."

"साब, अपने इधर कैसा, बैठे तो चारों भिंताँ हात को लगतियाँ. बाहर बच्चा रोता, बीवी बर्तन घिसती, सब सुनाई देता. उधर बैठे तो एकदम सुनसान. लगता, गाँव के बाहर मैदान में बैठे. समुंदर पार करके गया, और वापस मैदानमेंच बैठा."

अप्पा हसून हसून डोळे पुसायला लागले. पुसतच राहिले. मग उठले, खुंटीवरची धूळ फडक्यानं झटकली आणि म्हणाले, "पिशवी आण घरनं. भवानी पेठेत एक मोरी हाय, तीन बाय तीन."

महिबूब म्हणाला, "देखते की."

*

आता शेवटचा सांगतो. हा महिबूब गल्फला जायच्या आधीचा. अप्पा आता नाहीत. महिबूब आहे, पण कानानं ऐकू येत नाही. त्यामुळं हा किस्सा मला एकट्यालाच सांगावा लागतो.

मारुतीराव म्हणून एका मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे कामगारांचे मुकादम. मिलमध्ये अपघात होऊन उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला होता, काठीसारखा. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून कमोड बसवायला आम्हाला बोलावलं. दोन खोल्यांचं घर. त्यात मारुतीराव, त्यांच्या बायको तानूबाई, दोन मुलं, थोरली सून, पोरंटोरं. मधे एक बोळकंडी आणि तिच्या टोकाला मोरी.

कमोड मागच्या भिंतीला टेकवला. मारुतीरावांना बसवून बघितलं, तर ताठ पाय दाराबाहेर आला. दार काही लागेना. कमोड कोपऱ्यात तिरका करून बघितला, तरी टाच बाहेरच. उलटा फिरवला तर पाय भिंतीला. महिबूब, मी आणि मारुतीराव सकाळभर त्याच उद्योगात होतो. मारुतीराव बिचारे बसत होते, उठत होते, आणि सून बघेल म्हणून संकोचत होते.

शेवटी ते स्वतःच म्हणाले, "पाय बाहेर राहू द्या की. दारालाच भोक पाडा."

मग तसंच केलं. दाराच्या खालच्या अंगाला महिबूबनं करवतीनं एक चौकोन कापला. दार लागलं. माणूस आत, पाऊल बाहेर. पण बोळकंडी अरुंद, येणारं-जाणारं अडखळणार. तेव्हा तानूबाई म्हणाल्या, "मी बसत जाईन हितं, कुणी पडाय नको."

सहा-आठ महिन्यांनी चेंबर तुंबलं म्हणून आम्ही पुन्हा गेलो. घरात नेहमीचा गलका. बोळकंडीत तानूबाई दाराला पाठ लावून बसल्या होत्या. एक हात त्या बाहेर आलेल्या पावलावर, आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. आतनं मारुतीराव "हं, हं" करत होते. मग काहीतरी म्हणाले, आणि तानूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. साठीची बाई, पण हसणं नव्या नवरीचं. आमची चाहूल लागली तशा गप्प झाल्या. "कुणी अडखळाय नको म्हणून बसतीय," म्हणाल्या. आम्ही काही विचारलंही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मारुतीराव गेले.

श्रावण लागल्यावर थोरला मुलगा दुकानात आला. म्हणाला, "दाराचं भोक बुजवायचंय. दादांच्या पायापुरतं होतं, आता काय उपयोग?" महिबूबनं फळीचा तुकडा आणि खिळे घेतले आणि आम्ही निघालो.

दारात पोचलो, तर ओट्यावर एक तरुण बसलेला. पायाशी कापडी पिशवी, पुढ्यात चहाचा कप, चहावर साय धरलेली. धाकट्याचं लग्न मधल्या काळात झालं होतं, त्या नव्या सुनेचा हा भाऊ, मंगळवेढ्याहून आलेला. बहिणीला पंचमीला न्यायला. लग्नानंतरची तिची पहिलीच पंचमी. थोरला त्याला समजावत होता, "पाव्हणं, वर्ष झालं न्हाय अजून. सणाला कुणी जायचं न्हाय. रीत हाय ती." भाऊ मान हलवत होता. थोड्या वेळानं तो उठला, पिशवी उचलली, आत एकदा बघितलं आणि एस्टी स्टँडच्या वाटेला लागला. चहा तसाच राहिला.

थोरला म्हणाला, "जावा आत, करून टाका."

बोळकंडीत अंधार होता. मोरीचं दार लावलेलं. तानूबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, दाराला पाठ लावून. आमच्याकडं त्यांनी वर बघितलं नाही.

खालच्या भोकातनं एक हात बाहेर आला होता. मनगटात नव्या लग्नाच्या हिरव्या काचेच्या बांगड्या. तानूबाईंनी तो स्वतःच्या दोन्ही हातांत धरला होता आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. आतनं पाण्याचा आवाज येत नव्हता, दुसराच येत होता.

मी महिबूबकडं बघितलं. त्यानं काढलेला हातोडा पुन्हा पिशवीत टाकला, खिळे वाजणार नाहीत असा. आम्ही आल्या पावली बाहेर आलो आणि ओट्यावर बसलो.

थोरल्यानं विचारलं, "काय मिस्त्री, झालं का लगेच?"

"आत माणूस हाय, मालक," महिबूब म्हणाला. "बसू जरा."